शून्य रुपयांची ओळ

बिलात सातवी ओळ होती :
सर्व्हर सॉफ्टवेअर, नग एक, रुपये शून्य.
किरीटभाई पांचालांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं,
नखात पितळेचा कीस.
'आ मफतनुं छे?'
मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत
फुकट म्हणजे नापास माल,
नाहीतर उद्या दुप्पट वसूल होणारा.
'फुकट नाही, मोकळं आहे,' मी म्हटलं,
पण माझ्या दांडिया बाजारी गुजरातीत
दोन्हींना एकच शब्द निघाला.

मग परवानाच वाचून दाखवला.
वापरा. बदला. विका. धंद्याला लावा.
लिहिणाऱ्यांची नावं तेवढी पुसू नका.
आणि तळाशी, मोठ्या अक्षरांत, ओरडल्यासारखं :
हमी नाही. कसलीच नाही.

किरीटभाई हसले नाहीत.
त्यांच्याकडे प्रत्येक व्हॉल्व्ह
टाकीत बुडवतात, हवा भरतात,
बुडबुडा येतो का बघतात.
मग शिक्का. मग खोका.
'तो गॅरंटी कोण आपशे?'
बाहेर टेम्पो रिव्हर्स घेत होता, त्याचं ते केविलवाणं गाणं.
ते संपेपर्यंत थांबले.
'मी,' म्हटलं.
आणि आठव्या ओळीतला आकडा, देखभाल, दरमहा,
पहिल्यांदाच
मला कमी वाटला.

तिसऱ्या महिन्यात साइट झोपली.
कॅटलॉगची एक फाइल होती, नाव गुजरातीत.
कुणी ती उघडली की सर्व्हर
टक्क्यांच्या खुणा ओकायचा आणि आडवा व्हायचा.
रात्री दोनला मी आत शिरले,
परक्याच्या स्वयंपाकघरात
दिवा न लावता साखरेचा डबा शोधावा तशी.
एका जागी कुणा ओरेस्तनं लिहून ठेवलेलं,
अकरा वर्षांपूर्वी :
'हे असं का केलं आता आठवत नाही. काढू नका.'
मी काढलं नाही.
त्याच्याखाली दोन ओळी घातल्या.
साडेचारला साइट उठली. दूधवाला आला.

त्या दोन ओळी मी परत पाठवल्या,
जिथून सगळं आलं होतं, तिथं.
आणि मूर्खासारखी किरीटभाईंना सांगून बसले.

'पैसा म्हारा,' ते म्हणाले, 'रात तमारी,
आणि माल साऱ्या दुनियेला?
वाघोडियाच्या त्या धवललापण?'
'त्यालापण.'
चहावर साय धरली.
परवान्यात याचं उत्तर नव्हतं. मी शोधलं होतं.

तेवढ्यात मनोहर शितोळे, लेथवरचे, दारात :
'शेठ, नव्या ऑर्डरीला आटे कुठले?'
'अर्धा इंच. कायमचे.'
'कायमचे,' म्हणत शितोळे गेले.

किरीटभाईंच्या हातात नमुन्याचा व्हॉल्व्ह होता,
टेबलावर राजकोटच्या कुठल्याशा कारखान्यातलं निपल.
त्यांनी ते बसवलं. बसलं.
काढलं, पुन्हा फिरवलं,
अगदी सावकाश, कान लावून,
जणू आटे काही बोलतायत.
मग चेकबुक ओढलं.
सातव्या ओळीसमोर पेन्सिलीनं लिहिलं :
'आनुं ध्यान राखजो.'
रक्कम मात्र शून्यच ठेवली.

चौथ्या दिवशी ओरेस्तचा निरोप आला.
आभार नाहीत, कौतुक नाही.
'ठीक. पण चाचणी कुठाय?'

मग चाचणी लिहिली.
एक रिकामी फाइल घेतली, तिला नाव दिलं : नळ.
आमच्यातही नळ, त्यांच्यातही नळ.
त्या ओरेस्तला हा ळ म्हणता तरी येईल का,
कोण जाणे.
आणि सोडली आत.
पडदा काळा, वर फक्त कर्सर.
मी बघत बसले,
बुडबुडा येतो का.