शनिवारचा डबा

शनिवारी शाळा सकाळची.
सुटायच्या आधी पाच मिनिटं
चिवड्याचा रिकामा डबा बाकांवरून फिरतो.
नाव लिहायचं नाही, एवढीच अट.
काय कळलं नाही ते लिहा. मी कुठे चुकले तेही.

पहिल्या आठवड्यात सगळे खोटं बोलले.
'बाई छान शिकवतात.' त्रेचाळीस वेळा.
एकाने खाली सुविचारही लिहिला.
सोनवणे सर खूश. म्हणाले, फाइलला लावा.
मी लावले नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात: 'पंखा आवाज करतो.'
तिसऱ्या: 'तुम्ही फळ्याशी बोलता.'

घरी, सातपूरच्या दोन खोल्यांत,
कुकरच्या तीन शिट्ट्या होईतो
ती चिठ्ठी धरून उभी होते.
एकोणीस वर्षं. फळ्याशी.
राग आला, खरं सांगते. कांद्यावर काढला.

अक्षर ओळखू येतंच हो.
'ळ'ची शेपटी एवढी लांब ओढणारा वर्गात एकच,
निवृत्ती गांगुर्डे, मागून दुसरा बाक,
वडील अंबडला रात्रपाळीला.
सोमवारी त्याच्याकडे मुद्दाम बघितलं नाही.
मग वाटलं, न बघणं म्हणजेही सांगणंच की.
म्हणून बघितलं, इतरांकडे बघते तेवढंच.

आणि तिरकी उभी राहिले.
खडू फळ्याला, खांदा वर्गाला.
ओळी वाकड्या जातात अशाने. जाऊ देत.

आता चिठ्ठ्यांना दात फुटलेत.
'अपूर्णांक दोनदा सांगितले, पण दोन्ही वेळा तेच सांगितलं.'
'पुढच्या बाकाने मान हलवली की तुम्ही पुढे जाता.'
'द्राक्षांचं गणित चुकीचं आहे. माझी आई पॅकिंगला जाते.'

मंगळवारी खडू खाली ठेवला, विचारलं,
सांगा मग, पेटीत किती?
पाच किलो, बाई! दहा पनेट! अर्धा-अर्धा किलो!
अर्धा वर्ग उभा. कुणाची मावशी, कुणाची बहीण,
पिंपळगावच्या शेडमधली थंडी,
देठ कापताना बोटाला लागणारी कात्री.
एक दशांश त्या दिवशी मला शिकवावा लागला नाही.

एक चिठ्ठी मात्र दर शनिवारी कोरी येते.
चार घड्या, नखाने दाबून दाबून.
अक्षरच नाही, तर ओळखू कशी?
आधी वाटलं, आळस. मग वाटलं, भीती.
आता काहीच वाटून घेत नाही,
उलगडते, उजेडाला धरते, ठेवते.

अकरा झाल्यात. त्या फाइलला लावल्या.
सोनवणे सरांनी उलटून पालटून पाहिल्या,
ह्या कसल्या, बाई?

म्हटलं, ही बाकी.