अंगठा वेगळा कापतात

आर्लेट रिव्होआर मंगळवारी येतात,
ट्रामच्या शेवटच्या थांब्यापर्यंत.
वय एक्क्याऐंशी. कोट गळ्यापर्यंत बंद,
हात मात्र उघडे, जानेवारीतसुद्धा.

ग्रनोबलमध्ये, ईझेरच्या पलीकडच्या काठावर
सत्तावीस वर्षं त्यांनी
कोकराचं ओलं कातडं टेबलाच्या धारेवरून ओढलं,
जितकं येईल तितकं,
आणि त्यानंतर अजून जरासं.
ते दुकान आता चष्म्यांचं आहे.

आमचं चौथ्या मजल्यावर. काचा, समोर बर्फाचे डोंगर.
आमच्या हातमोज्यात बोटागणिक सहा मोटरी,
तळव्यात हवेच्या बारीक पिशव्या,
मनगटापासून भिंतीपर्यंत वायर,
दावणीला बांधल्यासारखी.

माझं काम लिहिण्याचं.
दाब, खरखर, मऊपणा, ताण, एकूण.
एक ते दहा.

एर्वान त्यांच्या डोळ्यांवर चष्मा चढवतो.
"समोर कातडं आहे, मादाम. हात फिरवा."
मला दिसतं ते एवढंच:
एक म्हातारी बाई रिकाम्या टेबलावर
काहीतरी उलटं करतेय, चिमटीत धरतेय,
गालाजवळ नेतेय
आणि गालाशी पोचून थांबतेय.
गालाला आम्ही काही दिलेलं नाही.

"कसं वाटतं?"
"मेलेलं."
"कातडं मेलेलंच असतं ना?"
"कातडं सावकाश मरतं, बाळा.
हातात घेतलं की आधी गार असतं,
मग विचार करतं,
मग तुझ्याइतकं गरम होतं.
हे आलं तसंच बसलंय. पाहुण्यासारखं.
हातचं राखून."

यासाठी रकाना नव्हता.
'एकूण'मध्ये मी चार लिहिले.

फेब्रुवारीत एर्वाननं ऊब घातली.
बाई म्हणाल्या, बरं आहे,
पण हे कोकरू कधी तारेला लागलंच नाही का?
काट्याकुट्यातून गेलंच नाही?
मग त्यानं ओरखडे घातले, तीन रात्री जागून.
पुढच्या मंगळवारी पाचवं कातडं हाती घेताच
त्या हसल्या,
"अरे, हे तर तेच कोकरू!"

मार्चमध्ये एकदा, मध्येच,
त्यांनी चष्मा वर सरकवला,
आमचा हातमोजा काढला, उलटा केला,
वायरी बाजूला सारून शिवण पाहिली.
"हे कुणी शिवलं?"
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
तीन वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.
कुठल्याशा कारखान्यातून खोक्यांत येतात.

"अंगठा तळव्यातूनच काढलाय," त्या म्हणाल्या.
"अंगठा वेगळा कापतात.
चार बोटं मिटतात ती एका दिशेनं,
हा समोरून येतो.
समोरून येणाऱ्याला जास्तीचं लागतं.
इथे खेचतंय. तेव्हाच म्हटलं,
सगळं मला इतकं लांबून का लागतंय."

पर्समधून फीत निघाली, पिवळी,
आकडे पुसत आलेले.
"आण हात."
एर्वाननं उजवा दिला. मग डावा.
बोटांच्या मुळाशी फीत गुंडाळली,
बेचक्यांत अंगठ्यानं दाबून पाहिलं,
तळवा उलटा केला, पुन्हा सुलटा.
"डावा मोठा आहे. डावरा का तू?"
"होतो. लहानपणी."
कुणी बदललं ते त्यांनी विचारलं नाही.
हात मात्र धरूनच ठेवला.
त्याचे कान लाल झालेले मी पाहिले.

टेबलावर आमचा हातमोजा चालूच होता,
पालथा पडून गुणगुणत,
कोकराचं कातडं गरम करत.

"लिही," त्या मला म्हणाल्या,
"डावा साडेआठ. आणि वर थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
पेनाकडे पाहिलं.
"ते ठेव खाली," म्हणाल्या,
"आण तुझा."