पाय मोडायची कळ

जिल्हा न्यायालयाच्या भिंतीला लागून माझं टेबल.
दस्त टाइप करून मिळतील, पानाला चाळीस.
मंगळवारी अकराच्या सुमारास
कीबोर्डनं अक्षरांचे पाय मोडायचं सोडलं.

रककम.
सिननर.
निफाड मात्र नीट आलं,
नाशिकही. त्यांना कुठं जोडाक्षर लागतं!
हककसोड.

समोरची बाई निफाडची.
दोघे भाऊ मागं उभे, एकजण सारखा घड्याळ बघणारा.
ती स्क्रीनकडे वाकून म्हणाली,
"हे असंच लिहितात का?"
म्हटलं, बिघडलंय. पुढच्या बुधवारी या.
ऐंशी रुपये तिनं आधीच काचेखाली सरकवले होते.
शेजारी वाळुंजकाकांचा साधा कीबोर्ड
रिकामा पडला होता.
तो मला दिसत होता.

हा मीच जोडलेला. सत्त्याऐंशी कळा,
एकशे चौऱ्याहत्तर टाके,
सिडकोतल्या ओट्यावर, पोळ्या आटोपल्यावर,
एक्झॉस्ट पंखा लावून.
दाबला की टक् म्हणतो. त्या टक्‌साठी
दोन महिन्यांची रिक्षा वाचवली होती.

अण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला.
तांबट आळीत पन्नास वर्षं हंड्यांना डाख दिलेला माणूस.
"टाका राखाडी पडलाय. यात तोंड दिसायला हवं.
कथील नुसतं वर बसलंय, आत शिरलंच नाही."
आणि मी नको म्हणायच्या आत
डब्यातून नवसागराचा खडा काढला.
चर्रकन धूर, दोघांच्या डोळ्यांत पाणी,
आणि: रक्कम! सिन्नर!
अण्णांनी त्या दिवशी दुसरा चहा मागितला.

शुक्रवारपर्यंत चाललं.
शनिवारी टाक्याभोवती हिरवं चढलेलं,
चिंच न लागलेल्या तांब्यासारखं.
"हंड्याला चाललं असतं," अण्णा म्हणाले,
"हंडा धुता येतो."
खडा फडक्यात बांधून परत डब्यात.

रविवारी कुंदा गांगुर्डेकडे.
सातपूरला रिले कंपनीत, एका पाळीत नऊशे टाके.
तिनं आधी चहा बाजूला सारला, मग मला.
"भांडण कुणाशी आहे ते तर बघू."
चिमट्यानं दोन टोकं टेकवली,
पडद्यावर उमटला नुसता पाय,
ठिपक्यांच्या गोलाला लटकलेला.
"म्हणजे मेंदू शाबूत."
कळ दाबून मीटर लावलं. पीं.
"कळही शाबूत. मधलंच गेलंय."

स्पिरिटनं हिरवं पुसलं. तांब्याची वेणी टेकवून
जुनं कथील ओढून घेतलं,
तर वेणीबरोबर चकतीच उठून आली,
तिळाच्या सालीएवढी.
कुंदा बोटावर घेऊन बघत राहिली.
"तीनदा तापवलंस ना?"
चारदा.

मग जुन्या चार्जरच्या वायरीतला एक केस काढला.
"रांग एकच असते गं, वरच्या कळीतून आत शिरू."
वरची कळ कान्याची.
आधी पाय तापवला, मग कथील टेकवलं,
एक, दोन, आणि हात काढला.
फुंकू नको म्हणाली. मी फुंकणारच होते.
टाका निवला. त्यात ट्यूबलाइट दिसली,
वाकडी, पण दिसली.

बुधवारी भाऊ आले, दोघेच.
एक पायरीवर बसून फोन लावत राहिला,
दुसऱ्यानं मला विचारलं, झालं का दुरुस्त?
झालं म्हटलं.
पावणेसहाला ते गेले.

मशीन बंद करायच्या आधी तिची फाइल उघडली.
कर्सर दोन क-च्या मध्ये नेला.
टक्.
हक्क.
पुढचं होतं तसंच ठेवलं.

सकाळी गारठा असला तर अजून दोनदा दाबावी लागते.
आणि तिचे ऐंशी रुपये
काचेखालीच आहेत.