हात गार असावे लागतात

पहाटे साडेतीनला पहिली वडी सोडते.
जूनचं लोणी पिवळंधमक,
गाई ओल्या गवतात तोंड घालून असतात.
जानेवारीत हेच पांढुरकं येतं,
सुक्या चाऱ्याचं, बोटानं दाबलं तर चिरतं.
गिऱ्हाइकाला वाटतं लोणी म्हणजे लोणी.

मिठाचे खडे दिसतात ते पावाला.
पॅरिसची बाई येऊन अळणी लोणी मागते
तेव्हा गुल्वेन तिच्याकडं
आजारी माणसाकडं बघावं तसं बघतो.

पातेल्यातलं वेगळं. फेस चढतो, बसतो,
तळाशी बेरी तांबूस होते.
एक क्षण असतो तिथं.
तो साधला तर बदामाच्या केकात,
हुकला तर मोरीत.

आणि पदरांचं लोणी:
पाणी कमी, पुठ्ठ्यासारखं वाकणारं.
कणकेत गुंडाळा, लाटा, तीन घड्या,
गारव्यात निजवा, पुन्हा लाटा.
लोणी कडक राहिलं तर आत तुकडे होतात,
मऊ पडलं तर कणकेत मुरून जातं,
पदर सुटत नाहीत.
गुल्वेन म्हणतो, संसारासारखं.
मी म्हणते, लाट.

माझे हात गार होते.
सासूनं त्यावरच पसंत केलं मला,
दुआर्ननेच्या धक्क्यावर, हस्तांदोलन करताना,
हात सोडलाच नाही बराच वेळ.
एकतीस वर्षं त्या हातांनी घड्या घातल्या.

मग गेल्या ऑक्टोबरात, दुसऱ्या घडीला,
मानेतून वाफ उठली ती कानापर्यंत.
डॉक्टर म्हणाली, वय.
बोटांखाली लोणी चकाकलं.
चकाकलं म्हणजे गेलं.
बर्फाच्या पाण्यात मनगटं बुडवली,
मागच्या दारात समुद्राच्या वाऱ्याला उभी राहिले,
आत आले तर पुन्हा निखारे.
त्या दिवशीचे कुईन-अमान बसके झाले,
ज्यांच्या नावातच लोणी आहे ते.
लोकांनी खाल्ले. कुणी बोललं नाही.
तेच लागलं.

आता घड्या तिफेन घालते.
सार्डिनच्या कारखान्यातून आलेली पोर,
बर्फातले मासे निवडून बोटं गारठलेली.
पहिल्या दिवशी हात पाठीमागं लपवले तिनं.
वास जात नाही, म्हणाली.
मी ते पुढं ओढून घेतले
आणि बराच वेळ सोडले नाहीत.

मी कडेला असते.
तिचं लाटणं जरा जोरात पडतं, सांगत नाही.
साचे मात्र मी माखते.
खाऱ्या लोण्याचा गोळा तळव्यात धरला
की आपोआप सैल होतो,
कोपऱ्याकोपऱ्यात जातो.
गार हाताला ते जमत नाही,
लोणी ढेकळासारखं तिथंच बसतं.

आज तिफेननं बेचाळीस साचे
माझ्याकडं सरकवले, न विचारता,
मान वर न करता.