मापांची वही

एकतीस वर्षं मी राजांच्या बगला मोजल्या.
हसू नका. राजाचं सगळं राजेपण बगलेवर असतं,
तिथे अर्धा इंच चुकला
की तलवार उपसताना शिवण बोलते
आणि तिसऱ्या रांगेतलं पोर फिसकन हसतं.

आता वेंगुर्ल्यात, बंदराच्या उतारावर,
बेकरीच्या माडीवर एक खोली.
पहाटे खालून बटरचा वास येतो,
मागोमाग मासळीच्या लिलावाचे आकडे.
आकडे ऐकले की बोटं अजून टेप शोधतात.
छाती अडतीस, कंबर चौतीस,
बांगडा शंभराला आठ.

रंगवायला बसले तेव्हा एकसष्ट संपलं होतं.
कंपनी बुडाली, थकलेल्या पगारापोटी
मांजरपाटाचा गठ्ठा मिळाला, अस्तराचा.
त्यालाच उकड्या तांदळाच्या पेजेची खळ दिली
आणि खिळ्यांनी ताणला दारावर.

समुद्र काही केल्या जमेना.
निळा लावला तर शालूसारखा मिरवायला लागे.
मग एका दुपारी, ओहोटीला,
पाणी मागे सरताना खालचं जे उघडं पडलं,
मळकट, राखी, गाठी आणि सुटे दोरे असलेलं,
ते मला ओळखीचं होतं.
उलटी बाजू. प्रेक्षकांनी कधी न पाहिलेली.
तेव्हापासून मी समुद्राचं अस्तर रंगवते.

कविता मात्र मापांच्या वहीत.
उजव्या पानावर नट, डावं पान
कापडाचे तुकडे टाचायला कोरं सोडलेलं.
एके ठिकाणी उजवीकडे लिहिलंय:
*पट्टराणी. सातवा महिना. निऱ्या जास्त घेणे.
शेला पुढून. कोणास बोलू नये.*
डावीकडे परवा लिहिलं:
*तुझी लेक आता चाळिशीची असेल.
माझ्या निऱ्यांमागे बसून
तिने सतरा प्रयोग फुकट ऐकले.*

वाचनालयाच्या हॉलमध्ये चित्रं लावली.
समुद्र चार, बाकी माणसं, सगळी मानेपर्यंत.
मासळीची पाटी बाहेर ठेवून आत आलेली बाई
एकेका चित्राखाली वाकून बघत गेली.
"बाये, ह्यांची टकली खंय गेली?"
म्हटलं, टकली माझ्याकडे नव्हती कधी,
तो रंगभूषेवाल्याचा प्रांत.
मी मानेखाली.
तिला ते पटलं. निदान वाद घातला नाही.

तिसऱ्या दिवशी मोरेश्वर तुळसकर आले, कुडाळहून, एस्टीने.
एकोणीस वर्षं सम्राट,
आता हातात औषधांची पिशवी.
सातव्या चित्रापाशी थांबले.
"हा मी."
चेहरा नाही, मुकुट नाही, नाव तर नाहीच,
फक्त डावा खांदा उतरलेला.
"शालनबाई, हा खांदा तुम्हाला ठाऊक होता?"

मग दीड इंच कापूस कोण भरत होतं त्या अंगरख्यात?
दर प्रयोगानंतर घामाने बसलेला काढून
दुसऱ्या दिवशी पिंजून पुन्हा कोण?
हे मनात. मोठ्याने म्हटलं, हो.

ते खुर्चीवर बसले. पंखा बंद होता, लाइट गेलेली.
"मला वाटायचं, व्यायामाने सरळ झाला."
पुढे बराच वेळ दोघंही काही नाही.
मग उठून, पिशवी टेबलावर ठेवून,
हात जरा बाजूला धरून उभे राहिले,
तसेच, ट्रायलला राहायचे तसे.
"घ्या माप. बघू किती उरलोय."

छाती चौतीस. सहा इंच कुठे गेले
ते विचारायचं नसतं, शिंप्याने तर नाहीच.
बाही तेवढीच. मान तेरा, कातडी सैल.
वहीत नवीन पान काढलं, तारीख घातली.
डावा खांदा: आहे तसा.

कुडाळची गाडी पावणेसहाची.
सदऱ्याचं दुसरं बटण लोंबत होतं,
म्हटलं, थांबा,
सुई माझ्याकडे असतेच,
आणि टाचताना दोरा दातांत धरलेला,
त्यामुळे बोलायचं ते
याही वेळी राहिलं.