पडताना हातात काय होतं

एप्रिलची दुपार. साखर पेठेत पत्रा तडतडतोय,
पंखा नुसतं ऊन ढवळतोय.
दुकान म्हणजे एक टेबल, एक प्रिंटर
आणि बाहेर पाटी: चादरीची डिझाइनं, लग्नपत्रिका, अर्ज.
नरसम्मा स्टुलावर. बोटांना तंबाखूचा वास.
सूप घरी ठेवून आलीय,
आज हजार विड्या काही भरत नाहीत.
ती सांगते, मी टाइप करते.
तिसरा अर्ज हा. पहिले दोन तिनंच फाडले.

"दिनांक सोळा रोजी रात्री" इथवर आलो
आणि पडदा पांढरा झाला.
मग एक चौकट, फार अदबीची:
क्षमस्व, प्रोग्रॅम अचानक बंद पडला.
सुधारणेसाठी अहवाल पाठवत आहोत.
टिकेची खूण आधीच केलेली, माझ्या वतीनं.
इतकी वर्षं मी 'ठीक आहे' दाबत आले,
शेजारणीला मान डोलवावी तसं.

काय विचारालंय ते? नरसम्मा म्हणाली.
म्हटलं, मशीन पडलं.
कंपनीला कळवतो म्हणतंय,
कसं पडलं, पडताना हातात काय होतं.
कुठली कंपनी?
नाव ठाऊक होतं मला. गाव नव्हतं.

म्हणून पहिल्यांदाच 'तपशील' उघडला.
आकडे, अक्षरं, आकडे,
रांग मोडलेल्या मुंग्या.
आणि मधोमध, स्वच्छ मराठीत,
मीच कधीतरी घाईत दिलेलं फाइलचं नाव:
नरसम्मा_नवरा_मारतो_३

तिला वाचता येत नाही.
तरी मी पडद्याच्या आड आले.

अप्पांच्या मागावर ताण्यातला धागा तुटला
की बारीक पत्ती खाली पडायची, माग थांबायचा.
थुंकी लावून अप्पा गाठ मारायचे, खटका ओढायचे.
कुठला धागा, कितव्यांदा,
हे त्यांच्या अंगठ्याला ठाऊक, फार तर तर्जनीला.
तेव्हा सगळं बरं होतं असं नाही म्हणत मी.
त्याच मागाच्या खडखडाटात
आईचा आवाजही भिंतीबाहेर गेला नाही कधी.

शेवटी नाव वाचून दाखवलं तिला.
वाटलं, उठून जाईल.
ती हसली, पदर तोंडाला लावून, बराच वेळ.
"सिव्हिलमधी मी काय सांगितलं, ठाऊकाय?
न्हाणीत पाय घसरला.
दोनदा. डॉक्टर बी तसंच लिव्हला.
आन हे तुझं मशीन खरं सांगालंय,
मला न विचारता,
ज्याचं तोंड मी बघितलं नाय त्याला."
मग गप्प बसली.
"सांगायचंय की मला. पण चौकीत,
त्या बाई-हवालदारासमोर, माझ्या तोंडानं."

टिक काढली. पाठवू नका.
खाली फोल्डरमध्ये बाकीचे:
यल्लप्पा_टीबी, गंगूबाई_गहाण_मंगळसूत्र,
सोडचिठ्ठी_शेवटची, सोडचिठ्ठी_खरंच_शेवटची.
यातली कोणती कधी गेली, कुणी उघडली,
की कुणीच नाही,
हे कुणाला विचारायचं?

तिच्या फाइलला नवं नाव दिलं: अर्ज ३.
पुढच्या वेळी शोधताना त्रास होईल. होऊ दे.

दिनांक सोळा रोजी रात्री, नरसम्मानं
पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं,
या खेपेला मध्ये न थांबता.
मी दर ओळीला सेव्ह दाबत राहिले.