डोळा आणि चष्मा

काटोल रोडला, हिरव्या जाळीखाली,
शनिवारी येतात पाचवी ‘ब’चे पोट्टे:
सव्वीस टोप्या, सव्वीस डब्बे,
प्रश्न मोजायचे मी सोडून दिले.

मी प्रमिला बारापात्रे. नर्सरीत वीस वर्षं झाली.
पुस्तकातले शब्द मला कमी येतात,
हातातले येतात. तेच सांगते.

हा वाफा. वाफ नाही बे, वाफा!
चार बोटं उंच, मातीचं अंथरूण.
बी इथं निजतं.
निजलेल्याला उकरून पाहू नये, उठलं का म्हणून.
मागच्या वर्षी मल्हारनं रोज उकरलं.
त्याची मेथी अजून उठूनच राह्यली.

उठलं की बी आधी पाय काढतं,
तेच मूळ. अंधारात जातं, दिवा मागत नाही.
मग वर दोन जाड, बावळट पानं.
पुस्तकात त्यांना बीजपत्रं म्हणतात,
मी म्हणते, आईनं बांधून दिलेला डब्बा.
डब्बा संपला की ती सुकतात.
झाडाची स्वतःची पानं त्यानंतरची.

“तण म्हणजे वाईट झाड का?” आलियानं विचारलं.
नाही गं.
तण म्हणजे न बोलावता पंगतीत बसलेलं झाड.
तेच मैदानात असतं तर गवत म्हटलं असतं आपण,
आणि शेळीनं म्हटलं असतं, पक्वान्न.
तरी उपटायचं. मुळासकट. हाव, थोडं वाईट वाटलं तरी.

हे आळं: झाडाची पाणी प्यायची ताटली.
संत्र्याला आळं दुहेरी करायचं, ताटलीत वाटी ठेवल्यासारखं.
पाणी बाहेरच्या गोलात, खोड कोरडं.
खोडाचे पाय सारखे ओले राह्यले
तर डिंक्या होतो, खोड डिंक गाळत बसतं,
सर्दी झालेल्या नाकासारखं.

“आणि ताण?”
फुलं यायच्या आधी आम्ही पाणी तोडतो,
झाड जरा कोमेजतं, मग पाणी सोडतो,
आणि फांदीफांदीला पांढरा बहार.
“परीक्षेचा असतो तसा ताण?”
तसाच. पण आमचा मोजून असतो.

आता इकडं या. हात पुसा. हे खरं काम.
हा जंबेरीचा खुंट, पेन्सिलीएवढा जाड.
सालीला उभी चीर, वर एक आडवी,
आणि संत्र्याच्या फांदीवरून अलगद काढलेला हा
डोळा.
“झाडाला दिसतं?” दिसत नाही.
पान जिथं फांदीला टेकतं, त्या बगलेत
एक फांदी डोळे मिटून बसलेली असते. तिचं नाव डोळा.
सालीत सरकवायचा, पट्टी गुंडाळायची.

मागं उभा असलेला मोहित, दिवाळीनंतर शिवनीहून आलेला,
दोन महिन्यांत हजेरीशिवाय शब्द नाही,
हळूच म्हणाला,
“पापा इसको चश्मा चढ़ाना बोलते हैं.”

एक क्षण सगळे गप्प.
मग आलिया: “झाडाला चष्मा!”
मग सव्वीस जण, मोहित धरून,
जाळी हलेपर्यंत हसले.
मी हसले नाही. म्हणजे, तोंडावर पदर धरला.
त्याला विचारलं, पापा काय करतात?
“यही.”

एकवीस दिवसांनी पट्ट्या सोडल्या.
हिरवा डोळा म्हणजे लागला, काळा म्हणजे गेला.
सतरा लागले. मोहितचा लागला, मल्हारचाही,
म्हणजे त्यानं या वेळी उकरून पाह्यलं नाही.
माझ्या हातचे चार होते, त्यातले तीन गेले.
तेव्हा सांगितलं नव्हतं. आता सांगते.

मग कात्री घेतली, जंबेरीचा शेंडा छाटायला,
डोळ्याला वर यायला वाट हवी म्हणून.
“काऊन कापता?” आलिया रडवेली.
“जंबेरीचं काय मग?”

ती खालीच राहते गं, आयुष्यभर.
संत्रा गोड झाला की लोक विचारतात, कोणत्या बागेचा?
पाय कोणाचे, कोणी विचारत नाही.

आलिया खाली वाकली,
मातीला तोंड लावून काहीतरी बोलली.
काय, ते मी विचारलं नाही.